फेसाची बादली

मी एक जुनी पांढरी बादली आहे. डुलुथ गावात अर्ने टॉलेफसन नावाचा म्हातारा घरच्या घरी बिअर करतो. त्याच्या तळघरात माझे आयुष्य गेले, पण बिअरचा थेंबही कधी माझ्यात पडला नाही. माझ्यात असायचे जंतू मारणारे फेसाळ पाणी. नळ्या, बुचे, चमचे, सगळ्यांनी आधी माझ्यात बुडी मारायची, मगच बिअरला शिवायचे. मला याचा थोडा तोरा होता, खोटे कशाला बोलू! अर्ने मला मऊ फडक्यानेच पुसायचा. घासले की चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू लपतात.

मित्रांनो, गेल्या वर्षी त्याच्या मुलीचे, कॅरिनचे, लग्न ठरले. लग्नातली बिअर अर्नेच करणार होता. त्याचे हात कापू लागले होते, म्हणून ती मदतीला आली. बिअर भरायचा काचेचा बुधला तिने माझ्या पाण्याने विसळला. अर्ने तेव्हा वर चुलीपाशी होता. बुधल्यातला फेस पाहून तिला वाटले, साबण राहिला. अहो, तो फेस तसाच ठेवायचा असतो, नळाच्या पाण्याने पुन्हा जंतू येतात! तिने बुधला नळाखाली धरून स्वच्छ धुतला. मी ओरडणार कशी?

लग्न तोंडावर आले तेव्हा अर्नेने पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. बिअर आंबट होऊन नासली होती.

"माझे हातच कामातून गेले. कुठंतरी घाण राहिली असणार. बास झालं, सगळं सामान देऊन टाकतो."

"असं कसं, डॅड? मी तर बुधला नळाखाली दोनदा धुतला. फेसाचा ठिपकासुद्धा ठेवला नाही!"

अर्नेने एकदा नळाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. मग त्याने मला उचलले आणि आतून बोट फिरवले.

"सापडला चोर! ही बया बघ, आतून नुसते चरे. तू काय करणार आणि मी काय करणार!"

"मग नवी आणू. लग्नात विकतची पिऊ, पण नाताळची तुम्हीच करायची."

"तू येणार असशील तर. आणि फेस राहू दे गं, तेवढेच तुझे कष्ट वाचतील."

आता मी गॅरेजमध्ये पडून आहे. पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायचे खडे मीठ माझ्यात भरले आहे. तळघरातून दोघांचे हसणे ऐकू येते, तेव्हा फार वाईट वाटते. मित्रांनो, आपल्या घरातल्या वस्तू जपा. माझ्या आत अजूनही एकसुद्धा चरा नाही. पण हे कॅरिनला सांगू नका.