चाल जात्यावरची

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी चर्चचे पाळकसाहेब सगुणाबाईंकडे चहाला आले. चहा चांगला झाला होता, चिवडाही ताजा होता. घोळ झाला तो पिक्चरमुळे.

सगुणाबाईंची नात अर्पिता जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला. ईस्टरसाठी रजा टाकून ती अंबडला आली होती. आल्या आल्या तिनं मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "आजी, तुझ्या काळातला एक पिक्चर सापडलाय. बघ, आठवतोय का."

"लाव," सगुणाबाई म्हणाल्या. पाळकसाहेब मांडीवर चर्चच्या ईस्टर स्मरणिकेची कच्ची पानं घेऊन बसले होते. त्यांचं नाव कल्याण साळवे, वय जेमतेम तिशीचं. मागच्या जूनमध्ये ते इथल्या चर्चच्या मंडळीत आले, म्हणजे अंबडचा हा त्यांचा पहिलाच ईस्टर. त्यांना एक पान बाईंना दाखवायचं होतं. त्यावर बाईंच्या यजमानांचा, तातेराव मास्तरांचा फोटो होता आणि खाली मास्तरांनी रचलेलं ईस्टरचं गीत.

उघडलं दार पहाटे, दगड सरकला गं
पळस फुलला, प्रभू उठला, सांगा गावाला गं

शेवटी बारीक अक्षरात, मास्तरांच्या वहीत होतं तसंच छापलं होतं : चाल जात्यावरची.

बाई पान चष्म्याजवळ नेऊन वाचत होत्या आणि तेवढ्यात टीव्हीवर ढोलकी कडाडली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक नाचणारी बाई पळसाच्या झाडांतून धावत निघाली. फुलं करडी दिसत होती. साजणाला बनात बोलावत ती गाऊ लागली, आणि दुसऱ्या ओळीला पाळकसाहेबांची कपबशी हातातच थांबली. गेले दोन आठवडे ते मंडळीबरोबर हीच चाल बसवत होते. शब्द वेगळे होते, बाकी सगळं तेच. शेवटचं 'गं'सुद्धा.

अर्पिताला हसू आवरेना. "आजी! हे तर आपलं—"

"बंद कर ते," सगुणाबाई म्हणाल्या.

बंद झालं. पाळकसाहेब चिवड्यातले शेंगदाणे निवडू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, गीतात हे 'गं' कुठून आलं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

"मंग आता?"

"आता काय सांगू? तमाशाची चाल आपण उपासनेत कशी गायची? आणि हे पान... जात्यावरची म्हणून छापलंय. उद्या कुणी हा पिक्चर पाहिला तर म्हणतील, मास्तरांनी मंडळीला फसवलं. त्यापेक्षा पान काढलेलं बरं. यंदा छापील पुस्तकातलंच गीत घेऊ."

बाईंनी चष्मा काढून पान परत केलं. पाळकसाहेबांना वाटलं, त्यांना वाईट वाटलं असावं. वाईट वाटलंच होतं, पण ते वेगळ्या कारणानं. मास्तरांनी कुणाला फसवलं नव्हतं. फसवलं होतं सगुणाबाईंनी, आणि तेही मास्तरांनाच.

एकोणसत्तर सालची गोष्ट. बाई तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरात्रात देवीच्या यात्रेला तंबू टॉकीज आली. शेजारणीनं सांगितलं, गाणी अशी आहेत की जेवण सुचत नाही. मास्तर शाळेत शिकवायचे, चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि सिनेमा म्हटलं की कपाळाला आठी. तेव्हा बाईंनी सांगितलं, बाळंतपणाला जाते. असं तीन रात्री सांगितलं. तंबूत बायकांची बाजू कनात लावून वेगळी केलेली असायची. तिथं डोक्यावरून पदर घेऊन बसल्या आणि तीनही रात्री ते पळसाचं गाणं पाठ करून घरी आल्या.

पुढच्या मार्चमध्ये ईस्टर लवकर आला. इथल्या मंडळीची जुनी रीत अशी, की ईस्टरच्या पहाटे उपासना झाली की सगळे रानफुलं घेऊन गात गात कबरस्थानात जातात आणि प्रत्येक कबरीवर फूल ठेवतात. बागेतलं फूल चालत नाही, माळावरचंच लागतं. ईस्टर मार्चमध्ये आला तर पळस, एप्रिलात ढकलला गेला तर बहावा, नाहीतर तरवड, रुई आहेच. त्या शनिवारी मास्तर आणि बाई पळस तोडायला माळावर गेले होते. फुलं ओल्या पोत्यात भरता भरता बाई गुणगुणल्या. मास्तर थांबले. "ही चाल कुठली?"

"माझ्या आईची," बाई म्हणाल्या. "जात्यावरची."

रात्रीतून मास्तरांनी त्या चालीवर शब्द बसवले. पहाटे मंडळीनं ते गीत गायलं आणि पुढं चौपन्न वर्षं गात राहिली. ज्या वर्षी ईस्टर एप्रिलात येईल त्या वर्षी हातात बहावा आणि तोंडी पळस, पण कुणी शब्द बदलले नाहीत.

एवढंच असतं तरी ठीक होतं. पण पुढं बाईंनी तीस वर्षं संडे स्कूल चालवलं. तंबूत पिक्चर पाहून आलेल्या पोरांना त्या कान धरून उभं करायच्या. "तिथं सैतान तिकीट फाडतो," असं सांगायच्या. ती पोरं आता साठीची होऊन बाकांवर बसत होती.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रूसावरच्या येशूच्या सात वचनांची उपासना झाली. तीन तास बाई बसून होत्या, पण डोळ्यांपुढं सारखं ते पान यायचं, फोटो कापलेलं. मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली. माणूस उत्तर द्यायला नाही आणि ठपका त्याच्यावर. घरी आल्यावर अर्पिता म्हणाली, "आजी, दोन दिवस झाले, तू धड जेवत नाहीस. गाणंच आहे ना? दुसरं गातील."

"गाण्याचं काय घेऊन बसली तू," बाई म्हणाल्या. "मला उद्या तुझ्या गाडीवर चर्चला ने. चार वाजता, बराबर."

शनिवारी चारला तालमीला पंधरावीस जण जमले होते. पोरं माळावरून पळस घेऊन आली होती. हंगाम सरत आला होता तरी दोन पोती भरली होती, आणि फुलांवर पाणी शिंपडणं चालू होतं. ढोलकीवर सर्जेराव होते, वय ब्याऐंशी, ऐकू कमी आणि बोलणं जास्त. पाळकसाहेबांनी सांगितलं, यंदा मास्तरांचं गीत घ्यायचं नाही. कारण सांगताना त्यांनी शब्द फार जपून वापरले. कुजबुज सुरू झाली. पुढच्या बाकावरच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "अगंबाई, मास्तर आणि तमाशाची चाल?"

सगुणाबाई बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"मास्तरांचं काही न्हाई त्यात. चाल मी आणली. तंबूतून. मास्तरांला सांगितलं, आईची जात्यावरची हाय म्हणून. बाळंतपणाला जाते म्हणून तीन रात्री गेल्ते मी पिक्चरला. त्यांनी इस्वास ठेवला. काढायचं तर गीत काढा, पण त्यांच्या नावाला डाग लावू नका. त्यांला ठाऊकच नव्हतं."

शिंपडणारी पोरं थांबली. मागच्या बाकावरून एक साठीचा बाप्या म्हणाला, "बाई, मंग माझे कान कशापायी धरले होते?" पण ते कुणी हसण्यावारी नेण्याआधीच सर्जेरावांनी कानामागं हात धरून विचारलं, "काय म्हणून राह्यली ही?"

पुष्पाबाईंनी त्यांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. सर्जेरावांनी ढोलकी बाजूला ठेवली.

"तीनच रात्री? मी पाच रात्री गेल्तो. ढोलकी शिकलो कुठं मी मंग? अन् मास्तरला ठाऊक नव्हतं म्हणती? अगं येडे, तिसऱ्या रात्री मास्तर माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता!"

"कोण?"

"तुझा नवरा. म्हणाला, सर्जा, दोन रात्री बायको बाळंतपणाला जाऊन राह्यली, अन् गावात एक पोर रडल्याचा आवाज न्हाई. म्हणून मागं मागं आला. कनातीच्या फटीतून तुला पाह्यलं त्यानं. मी म्हणलं, उठवून आणू का? तर म्हणाला, बसू दे. खूश दिसून राह्यली."

सगुणाबाई खाली बसल्या.

"तिकीट काढलं होतं त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"काढलं होतं. फुकट बसणाऱ्यातला होता का तो?" सर्जेराव म्हणाले. "अन् पुढं मार्चात मला म्हणतो कसा, सर्जा, आमच्या सासूबाईंची जात्यावरची चाल हाय, नीट वाजव. मी बी बिलकुल तोंड उघडलं न्हाई. सासू त्याची, चाल त्याची, मला काय!"

तेव्हा मात्र सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. पण हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पान राहील, फोटोही राहील. चालीपुढं काय छापायचं ते तुम्हीच सांगा. पण उपासनेत मी पुस्तकातलंच गीत घेणार. माझ्या मनाला ते पटत नाही, त्याला मी काय करू?"

"घ्या," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. चालीपुढं लिहा, तंबूतली."

रविवारी पहाटे पाचला उपासना झाली. पुस्तकातलं गीत नीट झालं, फक्त वरच्या पट्टीला आवाज थोडे कमी पडले. "प्रभू उठला आहे," पाळकसाहेब म्हणाले. "खरोखर उठला आहे," मंडळी म्हणाली. मग पोती सोडून सगळ्यांनी ओंजळ ओंजळ पळस घेतला आणि कबरस्थानाकडे निघाले. नुकतं उजाडत होतं. दुधाच्या गाड्या जात होत्या.

फाटकातून बाहेर पडल्यावर काय गायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. दरवर्षी सुरुवात मास्तर करायचे, ते गेल्यावर सर्जेराव. आज ते ढोलकी गळ्यात घालून नुसते चालत होते आणि बाईंकडे बघत होते. पाळकसाहेब सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, की दुसरं गीतही सुरू केलं नाही.

सगुणाबाईंनी घसा खाकरला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आवाज पहिल्यासारखा लागत नाही, तरी खालच्या पट्टीत त्यांनी पहिली ओळ उचलली. दुसऱ्या ओळीला ढोलकी आली, पाच रात्री तंबूत बसून शिकलेली. मग बाकीचे.

मास्तरांच्या कबरीपाशी पोचेपर्यंत तिसरं कडवं चालू होतं. अर्पितानं हाताला धरून बाईंना खाली वाकायला मदत केली. बाईंनी पळसाची तीन फुलं ठेवली.

"तीनच?" अर्पितानं विचारलं. "एवढी ओंजळभर आहेत की."

"तीनच," बाई म्हणाल्या. "बाळंतपणं तीनच होती." आणि उरलेली फुलं घेऊन त्या शेजारच्या कबरीकडे वळल्या.