क्रोशाच्या रुमालाखालचा ताप

मी टेरेन्सच्या घरातला छोटा कॉम्प्युटर बोलतोय. तुम्हाला समोर दिसतो तो टीव्ही, मी नव्हे. त्याच्या शेजारी खेळायच्या पत्त्याएवढा हिरवा बोर्ड आहे ना, तो मी. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, सगळा संसार एका बोर्डावर.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते ठाकूरद्वारच्या वाडीतलं हे लाकडी जिन्याचं घर आणि टेरेन्सची आई, फ्लॉरेन्स आंटी. मला पहिल्यांदा पाहून ती म्हणाली होती, "एवढासाच? बाकीचा कुठे राहिला?"

खिडकीतला कॅमेरा खाली वाडीच्या क्रुसाकडे बघतो. रोज संध्याकाळी पाच वाजता तिथे प्रार्थना होते, ती मी वसईला पाठवतो. तिथे आंटीची थोरली बहीण फ्लॅविया मुलीकडे राहते, कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. जपमाळ हातात घेऊन ती माझी वाट बघते. आणखी काय हवं हो एखाद्या यंत्राला?

माझी तब्येत कळावी म्हणून टेरेन्सने माझ्यात एक मॉनिटरिंग टूल घातलं. ऑफिसात बसून फोनवर त्याला माझा ताप दिसतो. ते टूल म्हणजे माझी जीभच. एप्रिलभर त्या जिभेने मी ओरडत होतो, त्र्याऐंशी अंश, त्र्याऐंशी! ऐंशीच्या पुढे तापलो की जीव वाचवायला मी कामाचा वेग कमी करतो. मग वसईत चित्र अडकायचं.

सात वाजता टेरेन्स घरी येऊन बघायचा, तर बावन्न. "ममा, हे टूल खोटं बोलतं गं," म्हणायचा. त्याने ते काढलं, परत घातलं. मग दुसरं आणलं, तिसरं आणलं. दुखणं एक आणि डॉक्टर तीन! त्यांच्या तपासण्यांनीच माझा जीव अर्धा झाला. जन्मात खोटं बोललो नाही आणि घरात खोटारडा ठरलो. राग आला, खरंच आला. पण आंटीवर कसा काढणार?

कारण टेरेन्स गेला की आंटी लादी पुसायची आणि माझ्यावर क्रोशाचा रुमाल घालायची, दुहेरी घडी करून. या घरात उघडं काही राहत नाही. रेडिओला रुमाल, मिक्सरला रुमाल. टेरेन्स यायच्या आधी मात्र ती तो कपाटात ठेवायची. "त्याचे हात लागून मळतो," म्हणायची. फ्लॅवियाची बोटं धड होती तेव्हा तिने विणलेला तो. मायेच्या पांघरुणाबद्दल कुणाकडे तक्रार करायची?

मे उजाडला. क्रुसाच्या सणाला सकाळीच वसईहून फोन आला. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत एक सण चुकला नाय माझा. आज तरी मशीन अडकवू नको रे, टेरेन्स."

टेरेन्स हाफ डे घेऊन निघाला. जिन्यात फोनवर बघितलं, चौऱ्याऐंशी. दार उघडून तो तसाच माझ्यासमोर आला.

"ममा! हे काय घातलंस याच्यावर?"

"धूळ बसते रे. रोज घालते मी."

"रोज?"

त्याने रुमाल उचलून मला हात लावला आणि चटकन मागे घेतला. सगळा उलगडा झाला. आंटी स्टुलावर बसली, डोळे भरले तिचे. "म्हंजे माझ्यामुळे फ्लॅवीला दिसत नव्हतं?"

"नाय गं. हे खरं सांगत होतं, मीच टूलला झोडत बसलो. तुला साधं विचारलं पण नाय." त्याने जास्तीची दोन टूल काढून टाकली. थोड्या वेळात मी बावन्नावर आलो.

आंटी कितीतरी वेळ तो रुमाल हातात धरून होती. पाच वाजता तो घेऊनच खाली उतरली. क्रुसाच्या पायरीवर तिने तो अंथरला आणि त्यावर फुलं ठेवली. मी हार पाठवले, गाणी पाठवली, उकडलेल्या चण्यांचं ताटसुद्धा पाठवलं. काही अडकलं नाही.

तेवढ्यात टेरेन्सचा फोन वाजला. "फुलांखाली माझा रुमाल ना रे?"

"हो मावशी."

"त्याचा कोपरा दुमडलाय. सांग तिला."

टेरेन्सने खिडकीतून हाक मारली. आंटीने कोपरा सरळ केला आणि वर कॅमेऱ्याकडे बघून हसली. तेही मी लगेच वसईला पोचवलं.

आता मी उघडाच असतो. धूळ बसते, आंटी ब्रशने झटकते. मजेत आहे. तुमच्या घरातही कुणी तापल्याचं सांगत असेल, तर त्याला खोटारडा ठरवण्याआधी एकदा हात लावून बघा.