आईचा उरलेला शब्द

तिल्काने कॉफीचा कप ओठांच्या डाव्या कोपऱ्याला लावला, तरी उजवीकडून एक ओघळ हनुवटीपर्यंत आलाच. अंगणात नासपतीच्या झाडाखाली तिचा भाऊ रोक जुन्या लाकडी बाकावर पॉलिश पेपर घासत होता. त्याने ते पाहिले आणि खिशातला रुमाल तिच्याकडे फेकला.

"हल्ली अर्धंच हसतेस, ताई. माझे विनोद अर्धेच आवडतात वाटतं."

"पूर्वी तेवढेही आवडत नव्हते."

रोक ऑस्ट्रियातल्या कारखान्यातून सुटी काढून आला होता, तो दोन कामांसाठी. बहिणीला डॉक्टरकडे न्यायचे आणि हा बाक नीट करून आईच्या कबरीशेजारी ठेवायचा. जूनमध्ये आई गेली तेव्हा तो पोहोचू शकला नव्हता. फोनवर बहिणीने सांगितलेली एकच गोष्ट त्याने उराशी धरली होती. अर्धांगवायूनंतर आईजवळ एकच शब्द उरला होता, 'क्लोप'. क्लोप म्हणजे बाक. आई तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणे आणि तिल्का तिला कमरेला धरून बाहेर आणी, या बाकावर बसवी. निदान शेवटी आईने मागितले ते तिला मिळाले होते.

तिल्काही त्याच आधारावर उभी होती. ऑगस्टमध्ये तिचा चेहरा एका बाजूने ओघळला, तेव्हा आईचे दुखणे लेकीत उतरले असे गावात बोलले गेले. तिने ते खोडून काढले नाही, कारण तिच्याजवळ याहून विचित्र असे काहीतरी होते आणि ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. दिवस कलला की उजव्या कानामागे कुणाची तरी बोटे तिचे केस बाजूला करीत. कधी हलकेच, कधी तापलेली तार ओढावी तशी. बाकावर बसल्यावर आई असेच करायची. धडधाकट राहिलेला हात उचलून लेकीच्या केसांत खुपसायची, कानामागे नखाने खरवडायची. एकदा जंगलातून लाकडे घेऊन आलेली तिल्का वैतागून म्हणाली होती, "पुरे गं आई, दुखतंय." आणि तिने तो हात उचलून आईच्या मांडीवर ठेवून दिला होता.

आता ती बोटे आली की तिल्का हलत नसे.

दवाखान्यात डॉक्टर ब्रेंचिचबाईंनी तिला गाल फुगवायला लावले, डोळे मिटायला लावले. उजवा मिटला नाही. मग त्यांनी कंगव्याच्या टोकाने तिचे केस दुभागले.

"इथं काही होतं?"

"संध्याकाळी. कुणीतरी केसांत हात घालतं तसं."

"नस आहे ती." बाईंनी दिवा जवळ ओढला आणि सहज विचारले, "क्लोप?"

तिथल्या भाषेत बाकाला आणि गोचिडीला एकच शब्द आहे. मधला 'ओ' लांबवला तर बाक, आखडला तर गोचीड. डॉक्टरबाईंनी तो आखडला होता. आईच्या लुळ्या जिभेवर तो लांब होता की आखूड, हे कान देऊन ऐकण्याची गरज तिल्काला कधी वाटलीच नव्हती.

"मी रोज अंग तपासते," ती कशीबशी म्हणाली. "जंगलातून आलं की."

"कानामागचं आपलं आपल्याला कुठं दिसतंय? ते दुसऱ्यानं बघायचं असतं. घरी कोण होतं?"

"आई."

"मग त्यांना दिसायला हवं होतं." बाई लिहू लागल्या होत्या. "लाइम वाटतंय मला, गोचीड चावल्यानं होतो तो आजार. पाठीतलं पाणी तपासू, शिरेतून औषध सुरू करू. चेहरा बराचसा येईल ठिकाणावर. केसांतलं तेही जाईल."

"तेही?"

"का, ठेवायचंय?" बाई हसल्या.

तिल्काने हातातला रुमाल नीट चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला.

"काय म्हणाल्या?" गाडीत रोकने विचारले.

"लाइम आहे म्हणाल्या. औषधानं बरं होतं." गोचिडीसाठीचा तो शब्द तिने उच्चारला नाही. रस्ताभर दोन्ही बाजूंना जंगल होते. तिने खिडकीची काच वर केली.

घरी आल्यावर रोक पुन्हा बाकाशी बसला. फळीवर राहिलेला एक खडबडीत भाग अंगठ्याने चाचपत त्याने मान खाली घालूनच विचारले,

"ताई, इथं बसल्यावर आई शांत व्हायची ना?"

तिल्काला ती दुपार दिसली. बाकावर बसवल्यावरही आई तोच शब्द म्हणत राहिली होती, अधिकच घाईने, आणि तिल्काने तिच्या पाठीमागे उशी सरकवून म्हटले होते, बसलीस ना आता.

"सांग ना. रस्त्याकडे बघायची का? म्हणजे, मी येतोय का ते."

फळीवर साचलेला भुसा तिल्काने हाताने झाडला. बराच वेळ झाडत राहिली.

"रस्त्याकडे नाही बघायची."

"मग?"

"माझ्याकडे बघायची."

रोकने मान हलवली. "होतीसच तू लाडकी," तो म्हणाला आणि पुन्हा पेपर घासू लागला.

तिल्काच्या उजव्या गालावरून पाणी वाहत होते. मिटत नसल्याने तो डोळा दिवसभर गळतच असे. रोकने वर पाहिले, आणि तो पुन्हा फळीवर वाकला.