मोकळं केलेलं कुरण

आमच्या अफार मुलखात दोन माणसं वाटेत भेटली की आधी खाली बसून बातम्या द्यायच्या. पाणी कुठं, चारा कुठं, कोण आजारी, कोण गेलं, सगळं. त्यात काही लपवलं की माणसाची पत गेलीच. मी काहीच लपवलं नाही आणि तिथंच माती खाल्ली.

अवाश नदीकाठची आमची गायरानं वेड्या बाभळीने गिळली. नुसती तोडली तर ती दहा फांद्यांनी वर येते, म्हणून मी आणि माझी बायको कदीगा दोन वर्षं तिचे बुंधे मुळासकट खणत होतो. कदीगाच्या तळहातात मोडलेला काटा अजून आतच आहे. शेवटी आमच्या दोन गायींपुरतं कुरण मोकळं झालं. गवत गुडघ्याला लागलं तेव्हा मी हवेतच होतो. पाणवठ्यावर एक उंटवाला भेटला, त्याला मी कुरणाची बातमी वाटेच्या खाणाखुणांसकट दिली.

पंधरा दिवसांत माझा मेहुणा हमाडू चाळीस गुरं घेऊन हजर. त्यांच्याकडे पाऊस झाला नव्हता. गुरांच्या नुसत्या बरगड्या उरल्या होत्या.

"दाजी, तुमच्या गवताची कीर्ती पार आमच्या विहिरीवर पोचली," तो हसत म्हणाला.

"वाटेत गुरांनी काय खाल्लं?"

"काय खाणार? बाभळीच्या शेंगा. दुसरं आहे काय?"

गुरांना शेंग पचते, बी पचत नाही. ते शेणातून पडतं आणि तिथंच उगवतं.

"आठवडाभर बाहेर बांध," मी म्हणालो. "मी गवत कापून आणून देतो."

"चाळीस तोंडांना तुमचा एक विळा पुरणार?" हमाडूचं हसू गेलं. "दाजी, ती तांबडी उद्या उठेल की नाही, सांगता येत नाही."

दुष्काळात आलेल्या सोयऱ्याची गुरं आमच्यात कोणी अडवत नाही, आणि हा तर कदीगाचा सख्खा भाऊ. मी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? जगभर सांगत तुम्ही सुटलात," ती म्हणाली आणि स्वतःच जाऊन कुंपणाचे काटे बाजूला ओढले.

नऊ दिवसांत गवत जमिनीबरोबर झालं. आम्ही दोघं गुरांमागे टोपल्या घेऊन शेण उचलत फिरलो, पण खुरांखाली तुडवलं गेलं ते कसं उचलणार? तांबडी वाचली. हमाडू माझे हात डोळ्यांना लावून गेला.

मग आमच्याकडे पाऊस पडला. गवताच्या आधी बाभळीची रोपं वर आली, सगळ्या कुरणभर. दिवसभर उपटावीत तर सकाळी तेवढीच पुन्हा उभी. महिन्याभरात रोपांनी काटे धरले आणि कदीगाने उपटणं सोडून टोपली ठेवून दिली. मला रडू आलं, ते मी तिच्यापासून लपवलंही नाही.

परवा तोच उंटवाला पाणवठ्यावर भेटला. खाली बसला आणि त्याने विचारलं, "कुरण कसं आहे?"

हमाडूला हे कधीच कळू नये, एवढंच मला वाटत होतं. पण बातमी ती बातमी. शेंगा, शेण, रोपं, कदीगाची टोपली, सगळं सांगितलं. मग तो उठला आणि हमाडूच्या विहिरीच्या वाटेने उंट हाकत निघाला.