रागिणीच्या रोडग्यांची परात

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, जुनी म्हणून मला कमी लेखू नका. अख्ख्या पंगतीच्या रोडग्यांची कणीक मी एकटी पेलते.

कासाराच्या दुकानातून मी मैनाबाईंच्या आंदणात आले आणि वलगावला खुशालरावांच्या शेतावर रुळले. रोडग्यांचा बेत ठरला की मला चिंच लावून लख्ख घासत. मैनाबाई जाड्या पिठाची कणीक मळत, खुशालराव त्या कणकेचे जाड गोळे, म्हणजे रोडगे, भाजायला गोवऱ्यांचा जगरा पेटवत, आणि त्यांची लेक रागिणी दोघांच्या मध्ये बागडत असे. जेवणारे माझं कौतुक करत. मी फुगून जाई.

मग दोघांचं बिनसलं, घटस्फोट झाला. मैनाबाई मला घेऊन अकोल्याला आल्या. रागिणी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होती. सगळे म्हणाले, ‘पोरगी मोठी झाली, तिले काय होते?’ मला फार राग आला. सुटीत आली की ती अर्धपोटी उठे. बाबांचा फोन घ्यायला चोरासारखी अंगणात जाई. झोप उडाली, अभ्यास सुटला. शेवटी मैत्रीण वर्षालीनं तिला समुपदेशक बाईंकडे नेलं, तेव्हा कुठे ती सावरू लागली.

यंदा ती पदवीची परीक्षा पास झाली. आईनं रविवारी अकोल्यात रोडगे ठरवले, बाबांनी त्याच रविवारी वलगावात. रागिणीनं मला पोत्यात गुंडाळलं, थेट वरूडला वर्षालीच्या संत्र्याच्या बागेत नेलं आणि दोघांनाही तिथंच बोलावलं.

दोघं आले, तोंडं फिरवून उभे राहिले. रागिणी माझ्यात कणीक मळू लागली.

‘तू कोणाच्या बाजूनं हायेस, ते सांगून दे,’ खुशालराव म्हणाले.

तिनं मान वर केली. ‘बाबा, तुमचा निकाल कोर्टानं लावला. आता माह्याकडून दुसरा मागू नका. मले तुमी दोघंही पाहिजे. एका घरात नसले तरी चालते.’

‘आमी तुले लय ताणलं, बाई,’ मैनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. खुशालराव गोवऱ्या रचू लागले.

नवरा-बायको म्हणून ते पुन्हा एक झाले नाहीत. पण त्या दिवशी रागिणी पोटभर जेवली आणि वर तिनं तूप मागून घेतलं.

मित्रांनो, घरातली भांडी खुशाल वाटा, पण लेकरांना वाटणीत धरू नका, ती कितीही मोठी झाली तरी. आणि लेकरांनो, दुखत असेल तर बोला. आता मी आईचीही नाही, बाबांचीही नाही. मी रागिणीची परात आहे.