राखेची वाटी

शिमग्याला पालखीत बसवायची देवाची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, सहदेव गुरव चाळीस वर्षं राख आणि चिंच लावून घासत आला होता. संगमेश्वराच्या आसपास अशी लखलखीत रूपं दुसऱ्या गावाची नाहीत, याचा त्याला मोठा तोरा होता.

यंदा नात दर्शना घरी आली होती. जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र ती विद्यापीठात शिकत होती. देवळात मानकरी जमलेले असतानाच तिने आजोबाच्या हातात भिंग दिलं.

"आजोबा, देवाच्या भुवया बघा."

सहदेवने पाहिलं. भुवया उरल्याच नव्हत्या, नुसते बारीक ओरखडे होते. लहानपणी त्या भुवईचा केस नि केस त्याच्या बोटाला लागायचा.

"राखेने चांदी झिजते," ती हळूच म्हणाली.

"चार बुकं शिकली नि आज्याला शिकवायला आली!" शेजारचा बाबल्या ओरडला. "सहदेवा, ऐकून घेतोस काय?"

सहदेवने उठून राखेची वाटी बाहेर आंब्याच्या बुंध्याशी ओतली.

"सांग बाय, कसं पुसू?"

ती सांगेल तसं तो मऊ ओल्या कापडाने टिपत गेला. रूपं थोडी काळसरच राहिली.

"देव काळवंडला की रे!"

"वय झालंय त्याचं, बाबल्या. तुझं तोंड तरी कुठं चकाकतंय?"

दुसऱ्या दिवशी पालखी घरोघर निघाली आणि पहिल्या दारात टेकली. देव काळा का, असं कोणी विचारायच्या आधीच सहदेव पूजेला आलेल्या बायकांना मोठ्याने म्हणाला, "हळद हळू लावा गो. माझी नात यातलं शिकलेली आहे."