बाजाराचं चालणं

व्हॅलेरियनच्या पत्राला काशिनाथ डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही, त्याला नऊ वर्षं झाली. पत्र हरवलं असतं तर सुटले असते. पण ते हृदयरोगावरच्या जाड पुस्तकात घडी करून ठेवलेलं होतं, आणि पुस्तक कपाटात अशा उंचीवर, की नजर रोज जावी आणि हात मात्र जाऊ नये.

वसईगावातल्या दवाखान्यात त्यांनी एकोणचाळीस वर्षं काढली. स्वभाव बुजरा. माणसाकडे बघून बोलण्यापेक्षा कागदाकडे बघून लिहिणं सोपं जाई. समोर बाई असली तर मान वर होतच नसे. चाळिशी उलटलेल्यांना चालायला सांगावं, हे पुस्तकात होतं आणि खरंही होतं. रोज तेच बोलायचं म्हणून त्यांनी रबरी शिक्काच करून घेतला : ‘रोज अर्धा तास चालावे.’ कंपाउंडर ज्युलियस म्हणायचा, “डॉक्टर, पेशंट टेकायच्या आत तुमचा शिक्का टेकतो.” डॉक्टर कसंनुसं हसायचे.

जवळच्या सांडोर गावची रोझलिन आली ती दम लागतो म्हणून. बावन्न वर्षांची, अंगानं भरलेली. कधी कधी छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, असंही ती म्हणाली होती. डॉक्टरांनी वजन बघितलं, पदरावरूनच नळी टेकवली न टेकवली, आणि शिक्का मारला. कार्डिओग्राम सुचला नाही असं नाही. वजन उतरल्यावर बघू, असं सुचलं.

मग तिच्या नवऱ्याचं, व्हॅलेरियनचं पत्र आलं. रेघांचा कागद, ठळक अक्षर. रोझलिन रोज सकाळी वाडीतली भाजी न् केळफुलं पाटीत भरून, डोक्यावर घेऊन बाजारात जायची. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. पण ते तर काम; डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं वेगळं असणार. म्हणून तिनं कॅनव्हासचे बूट आणले आणि संध्याकाळी, पाय भरून आलेले असताना, चर्चच्या मैदानाला फेऱ्या घालायला लागली. दम लागला की म्हणायची, सवय नाही ना. अडतिसाव्या दिवशी ती मैदानात खाली बसली ती उठलीच नाही.

शेवटी लिहिलं होतं, “आमची तक्रार नाही. एवढंच कळवा, बाजाराचं चालणं त्यात मोजायचं होतं काय? तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, डॉक्टर शिकलेले, बाजाराचं सोडूनच सांगितलं असणार.”

डॉक्टरांनी उत्तराचे बरेच मसुदे केले. एकात रक्तवाहिन्यांची माहिती होती, एकात सांत्वन. सगळं खरं होतं, आणि विचारलेलं कशातच नव्हतं. पुढं त्यांनी दवाखाना बंद केला. लोक म्हणाले, वय झालं. त्यांनी तसं म्हणू दिलं.

यंदा त्यांची स्वतःची साखर वाढली. पत्नी जयवंतीबाईंनी त्यांना गोखिवऱ्याला मेघना नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काका, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, ते आधी सांगा.”

वाचतो, जेवतो, पुन्हा वाचतो, असं त्यांनी सांगितलं. तिनं छाती नीट तपासली, कार्डिओग्राम काढला, आणि मग म्हणाली, चाला.

बाहेर आल्यावर जयवंतीबाई म्हणाल्या, “लोकांना जन्मभर चालवलंत. आता तुमची पाळी.”

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्या पोरीला विचारायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक खाली काढलं आणि एका बैठकीत लिहिलं :

“श्री. व्हॅलेरियन यांस, बाजाराचं चालणं मोजायचं होतं. खरं तर आधी तिचं हृदय तपासायचं होतं, ते होईपर्यंत चालायला सांगायचंच नव्हतं. ती दिवसभर काय करते, हे मी विचारलं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. हे त्याच आठवड्यात कळवायला हवं होतं.”

पत्र दारात जाऊन द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. तरी पाकिटावर तिकीट लावलं. सांडोर अर्ध्या तासाच्या वाटेवर. बूट घालून निघाले. पाय चांगले चालत होते, दमही लागला नव्हता. केळीच्या वाड्या दिसायला लागल्या तिथं ते थांबले. शेवटच्या दुकानाच्या भिंतीवर टपालपेटी होती. त्यांनी पत्र आत टाकलं, बोटांनी नीट ढकललं, आणि घड्याळ पाहिलं.

अर्धा तास व्हायला अजून बारा मिनिटं होती. ते माघारी वळले.